मागच्या चाकाच्या तारा सारख्या तुटतायत? मग नव्या तारा घालून चाक स्वतः भरा, सांगतो कसं

गेल्या जूनमध्ये, पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला, ठाण्यात उपवनकडून येऊरच्या टेकडीवर सायकलने चढत होतो. एका वळणावर उभं राहून पॅडल मारलं आणि मागून टण्ण. उतरून बघतो तर डाव्या बाजूची एक तार हबपाशी (चाकाच्या मधला तुंबा), जिथे ती वाकून फ्लँजच्या, म्हणजे हबच्या कडेच्या चकतीच्या, भोकात जाते बरोबर तिथे, कापल्यासारखी तुटलेली, आणि चाक ब्रेकला घासतंय. तार बदलून घेतली. तीन आठवड्यांनी शेजारची गेली, तीही बदलली, मग ऑगस्टमध्ये घोडबंदर रोडवर गायमुखच्या अलीकडे तिसरी. दुकानात दरवेळी एकच उत्तर, तुमचं वजन जास्त आहे, जाड तारा टाका. माझं वजन ८२ किलो. आमच्या गल्लीत पाववाला कॅरियरवर एवढा ढीग लादून येतो की मागून तो दिसतच नाही, आणि त्याची तार तुटलेली मी कधी बघितली नाही. मग माझीच का तुटते?

शेवटी चाक काढून कळव्याला एका जुन्या सायकलवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी पाना हातातसुद्धा घेतला नाही, नुसत्या डाव्या बाजूच्या दोन दोन तारा चिमटीत धरून दाबल्या. "हे बघ, कशा लोळतायत. तार वजनाने तुटत नाही बाळा, ढिली राहिली की तुटते." मी म्हटलं, काका, ढिल्या तारेवर तर जोर कमी येतो ना? "अरे कमी नाही, येतो आणि जातो. येतो आणि जातो."

हे एवढं वाक्य डोक्यात बसलं की चाकाचं बाकी सगळं सोपं होतं. म्हणून आधी हे नीट समजून घेऊ आणि मग पाना हातात घेऊ, कारण नुसती कृती पाठ करून भरलेलं चाक परत तिथेच येतं.

बैलगाडीचं चाक आठवा. त्यात वजन खालच्या लाकडी आऱ्यावर येतं, आरा खांबासारखा उभा राहून ते पेलतो. त्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, ती गार होऊन आवळली की आरे तुंब्यात दाबून बसतात, म्हणजे ते चाक आधीपासूनच दाबलेलं असतं. सायकलची तार दाब घेऊच शकत नाही, २ मिमीची तार उभी धरून वरून दाबली तर लगेच वाकेल. म्हणून इथे उलटं केलंय, सगळ्या तारा आधीच जबरदस्त ताणून ठेवल्यात. चांगल्या चाकात मागच्या उजव्या बाजूच्या एकेका तारेवर ११०-१२० किलोचा ताण असतो, तोही तुम्ही सायकलवर बसायच्या आधी. आता तुम्ही बसलात की काय होतं? बहुतेकांना वाटतं हब वरच्या तारांना लटकतो आणि त्यांचा ताण वाढतो. वरच्या तारांना फारसं काहीच होत नाही. रस्ता खालून रिमला वर ढकलतो, रिम तिथे किंचित चपटी होते आणि खालच्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो. म्हणजे तुमचं वजन खालच्या तारा पेलतात, पण दाब घेऊन नाही, आपला ताण सोडून. ११५ वरून १०० झालं तरी तार ताणलेलीच आहे, चाक ठणठणीत. पण जी तार मुळात ३५ किलोवरच होती ती खाली आली की शून्याला टेकते, मग सुटते, मग वर जाताना परत ओढली जाते.

आता हे किती वेळा होतं ते बघा. ७०० सीच्या चाकाला ३२ मिमीचं टायर असेल तर एका किलोमीटरला साधारण ४६५ फेरे होतात. आठवड्याला १०० किमी चालवली तर ४६ हजारांच्या वर. बाइंडिंग वायर पक्कड न घेता तोडायची असेल तर आपण काय करतो, एकाच जागी इकडे तिकडे वाकवत राहतो. हबपाशी तारेला आधीच वाक आहे, तिथेच हे होत राहतं. एकच तार बदलून उपयोग नाही याचंही कारण हेच, शेजारच्यांनी तेवढेच फेरे खाल्लेले असतात आणि त्या ढिल्याही तेवढ्याच असतात. माझ्या तीन तारा एकामागोमाग गेल्या त्यात नशिबाचा काही संबंध नव्हता.

मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे हा ताण प्रत्यक्षात किती लांबीचा असतो ती. २९० मिमीची, २ मिमी जाडीची स्टीलची तार ११० किलोने ओढली तर ती वाढते किती? अर्धा मिलिमीटर! सगळा ताण, सगळी ताकद, त्या अर्ध्या मिलिमीटरात आहे. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर खड्ड्यात चाक आपटलं आणि रिम तिथे अर्धा मिमी आत गेली की तेवढ्या क्षणापुरती ती तार पूर्ण ढिली. आता तीच तार मध्ये बारीक केलेली घ्या, टोकांना २ मिमी आणि मध्ये १.५. तेवढ्याच ताणाला ती जवळजवळ ०.९ मिमी वाढते, म्हणजे रिम तेवढी आत गेली तरी तार ढिली पडत नाही. म्हणून तारा तुटतात तर जाड टाका हा सल्ला उलटा पडतो. मध्ये बारीक केलेल्या तारा, ज्यांना बटेड म्हणतात, त्या दोन्ही टोकांना जाड असतात आणि मध्ये रबरासारखं काम करतात. मी आता २.०-१.८-२.० वापरतो, १.५ वाल्या घट्ट करताना फार पिळवटतात आणि पहिल्यांदा भरणाऱ्याला त्यात त्रास होतो.

आता क्रॉस, म्हणजे तारा एकमेकींना ओलांडून का जातात. सायकलचं तारेचं चाक १८६९ मध्ये पॅरिसच्या युजीन मेयरने काढलं, त्यात तारा हबपासून रिमपर्यंत सरळ जायच्या. मग १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तिरक्या, म्हणजे हबला स्पर्श करून गेल्यासारख्या तारांचं पेटंट घेतलं, आणि आपण आजही बहुतेक तेच भरतो. कारण सोपं आहे. चेन हबला फिरवते, रिमला नाही. हबने रिमला ओढायचं तर तारेतूनच ओढणार, आणि तार जर थेट मध्यातून निघाली असेल तर तिला रिम फिरवायला पकडच नाही, हब आधी थोडा गरकन फिरणार आणि तारा तिरक्या झाल्यावर कुठे ओढायला लागणार. तार कडेने निघाली की ती सरळ ओढते, विहिरीच्या रहाटावरचा दोर कडेवरून सुटतो तशी.

आकडे घालून बघू, येऊरच्या चढाचेच. ८२ किलो एका पॅडलवर, क्रँक (पॅडलचा दांडा) १७० मिमी, पुढे २८ दात मागे २८ दात. हबच्या फ्लँजवरच्या भोकांचं वर्तुळ ४५ मिमीचं, म्हणजे त्रिज्या साडेबावीस. ८२ गुणिले १७० भागिले २२.५, साधारण ६२० किलो! हे ३२ तारांत वाटलं की प्रत्येकीच्या वाट्याला ढोबळ २० किलो. मागे झुकलेल्या निम्म्या तारांचा ताण २० ने वाढतो, पुढे झुकलेल्या निम्म्यांचा २० ने कमी होतो. आता माझी डावी तार घ्या, ती ३५ वर होती. पुढे झुकलेली असेल तर चढावर २० गेले. खाली आली की वजनाचे अजून पंधराएक गेले. राहिलं शून्य. दर फेऱ्याला. ती येऊरला तुटली यात नवल नव्हतं, ती सपाटीवर कशी टिकली होती तेच नवल.

मग कोणता नमुना भरायचा? ३२ किंवा ३६ तारांच्या चाकाला तीन क्रॉस, डोळे झाकून. ३२ ला तीन क्रॉस केलं की हबवरचं भोक आणि रिमवरचं भोक यांच्यात साडेसदुसष्ट अंशांचा कोन येतो, ३६ ला ६०. चार क्रॉस फक्त ३६ आणि ४० तारांना, ३२ ला केलं तर तार शेजारच्या तारेच्या डोक्यावर चढायला लागते. २८ ला दोन किंवा तीन, २० ला दोन. सरळ, बिनक्रॉसच्या तारा फक्त रिम ब्रेकवाल्या पुढच्या चाकाला, आणि तेही हब बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच, कारण सरळ तार फ्लँजच्या भोकाला थेट बाहेर ओढते आणि भोक ते कड एवढीच पातळ पट्टी तिथे असते, ती फाटू शकते. डिस्क ब्रेक असेल तर पुढच्या चाकालाही क्रॉस हवाच, कारण ब्रेक हबला धरतो आणि थांबवायचं असतं रिमला, म्हणजे परत तारांमधूनच ओढाओढ. आणि तीन क्रॉसचं चाक मऊ लागतं, सरळ तारांचं कडक लागतं वगैरे जे ऐकायला मिळतं त्याकडे लक्ष देऊ नका, टायर काही मिलिमीटर दबतं तिथे तारांचा फरक मिलिमीटरच्या छोट्या हिश्श्यात असतो, तो बुडाला कळत नाही.

सामान घ्यायच्या आधी लांबी काढा. तारेची लांबी २-३ मिमीने चुकली तरी एक तर आटे अपुरे पडतात किंवा तार निपलच्या (तारेला रिमपाशी धरणारं छोटं नट) वर येऊन ट्यूब फोडते. चार मापं लागतात: रिमच्या आतला व्यास, म्हणजे निपल जिथे बसतं तिथपासून समोरच्या निपलपर्यंत (जुन्या दोन तारा समोरासमोर घालून मोजा, रिमच्या स्टिकरवर पूर्ण विश्वास ठेवू नका), फ्लँजच्या भोकांचं वर्तुळ, हबच्या मध्यापासून प्रत्येक फ्लँजचं अंतर आणि क्रॉसचा कोन. कोन म्हणजे ३६० गुणिले क्रॉस भागिले एका फ्लँजच्या तारा. मग रिमच्या त्रिज्येचा वर्ग, फ्लँजच्या त्रिज्येचा वर्ग आणि अंतराचा वर्ग यांची बेरीज करायची, त्यातून दोन्ही त्रिज्यांचा दुप्पट गुणाकार गुणिले कोनाची कोसाइन वजा करायची, वर्गमूळ काढायचं, आणि शेवटी फ्लँजच्या भोकाचा अर्धा व्यास वजा करायचा. माझ्या मागच्या चाकाचं: रिम ६०२, फ्लँज ४५, उजवं अंतर २१, डावं ३५. उत्तर आलं उजवीकडे २९२.६ आणि डावीकडे २९३.९. मी २९२ आणि २९४ घेतल्या.

ते २१ आणि ३५ नीट बघा, माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. उजवीकडे कॅसेटला, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांना, जागा द्यायची म्हणून फ्लँज आत सरकलेला असतो, त्यामुळे उजव्या तारा जवळजवळ उभ्या आणि डाव्या जास्त तिरक्या. रिम मध्यभागी राहायची तर दोन्ही बाजूंची आडवी ओढ सारखी हवी, म्हणून डाव्यांचा ताण उजव्यांच्या २१ भागिले ३५, म्हणजे ६० टक्केच राहतो. उजवीकडे ११५ केलं तर डावीकडे ७० मिळतात. उजवीकडे ६० वरच सोडून दिलं तर डावीकडे ३५. समजलं ना, डाव्या तारा घट्ट करायचा उपाय उजवीकडे आहे.

ठाण्याच्या हवेत तारा स्टेनलेसच घ्या, खाडीची हवा आणि चार महिने पाऊस यात गॅल्व्हनाइज्ड तारा पांढऱ्या पडून मग गंजतात. निपल पितळी. अॅल्युमिनियमची दोन पावसाळ्यांत तारेला धरून बसतात आणि पाना लावला की कोपरे घासले जातात.

आता भरूया. रिम मांडीवर, कॅसेटची बाजू आपल्याकडे, व्हॉल्वचं भोक वर. रिमची भोकं एकाआड एक उजवी-डावीकडे किंचित सरकलेली असतात ते आधी ओळखा. पहिली तार उजव्या फ्लँजच्या कुठल्याही भोकात बाहेरून आत घाला, डोकं बाहेर राहील, आणि व्हॉल्वच्या लगेच उजवीकडच्या रिमच्या भोकात न्या, निपल दोन-तीन आटे फिरवा, बस. (ते भोक डावीकडे झुकलेलं निघालं तर त्याच्या पुढचं घ्या.) मग हबवर एक भोक सोडून एक, रिमवर तीन सोडून चौथं, अशा आठ तारा.

आता डावी बाजू. डाव्या फ्लँजची भोकं उजव्यांच्या बरोबर समोर नसतात, दोघांच्या मध्ये येतात. एक तार उजवीकडून डावीकडे सरळ आरपार धरून बघा, कळेल. कॅसेटच्या बाजूने बघताना पहिल्या तारेच्या किंचित उजवीकडे जे डाव्या फ्लँजचं भोक दिसतं त्यात तार बाहेरून आत घाला आणि रिमवर पहिल्या तारेच्या लगेच उजवीकडच्या भोकात न्या. (वर पुढचं भोक घेतलं असेल तर इथे दोन्ही ठिकाणी उजवीऐवजी डावीकडचं.) बाकीच्या सात तशाच. इथे घाई केली की सगळं चाक एका भोकाने सरकतं आणि शेवटी कळतं. मी पहिल्यांदा भरताना दोनदा उसवलं, तेव्हा सोळा तारा झाल्यावर थांबा आणि प्रत्येक उजवीच्या शेजारी एकच डावी आणि मग दोन रिकामी भोकं, असं दिसतंय का ते बघा.

आता रिम धरून हब घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे चाक चालताना ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूला पिळा. सगळ्या तारा तिरक्या होतील आणि पहिली तार व्हॉल्वपासून लांब झुकेल. उरलेल्या उजव्या तारा आता आतून बाहेर, डोकं आत. एक तार घ्या, उलट्या दिशेला झुकवा, आणि तिच्या वाटेत येणाऱ्या पहिल्या दोन तारांच्या बाहेरून, तिसरीच्या मात्र आतून काढा. हा तिसरा क्रॉस विणलेला असतो, तिथे दोन तारा एकमेकींना टेकतात आणि एक ढिली व्हायला लागली की दुसरी तिला थोडं धरून ठेवते. मग जे उजवीकडे झुकलेलं रिकामं भोक येईल त्यात. तार पोचत नसेल तर हब पुरेसा पिळलेला नाही. तार जरा वाकवावी लागते, न घाबरता वाकवा. शेवटी डावीकडे तसंच. पूर्ण झालं की व्हॉल्वच्या दोन्ही बाजूंच्या तारा त्याच्यापासून दूर जाताना दिसायला हव्यात, म्हणजे पंपाचं तोंड आत जाईल.

पुढचं काम संयमाचं. आट्यांना तेलाचा थेंब द्या, मग सगळी निपलं एकाच खुणेपर्यंत आणा, उदाहरणार्थ आटे नुकते दिसेनासे होईपर्यंत. मग व्हॉल्वपासून सुरू करून प्रत्येकाला अर्धा फेरा, पूर्ण चक्कर. निपलचा एक पूर्ण फेरा तारेला ०.४५ मिमी ओढतो, आणि वर बघितलंच आपण की सगळा ताण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तेव्हा तारा वाजायला लागल्या की पाव फेऱ्याच्या वर जाऊ नका. स्टँड नसेल तर सायकल उलटी करून फ्रेमला दोन्हीकडे झिपटाय बांधा आणि टोकं रिमपाशी आणा, आउट, म्हणजे रिमचं डगमगणं, काढायला तेवढं पुरतं. चाक उजवीकडे येत असेल तर तिथल्या डाव्या तारा आवळा आणि उजव्या तेवढ्याच सोडा. वर-खाली उडत असेल तर जिथे रिम बाहेर आलीय तिथल्या दोन्ही बाजूंच्या आवळा. आधी वर-खाली, मग बाजूचं, मग रिम मध्यात आहे का (चाक काढून उलटं लावून बघा, झिपटायला अंतर तेवढंच यायला हवं), आणि परत पहिल्यापासून. नुसतं बाजूचं बघून चाक सरळ करणं सोपं आहे आणि तिथेच बहुतेक चाकं बिघडतात, कारण एक तार १३० वर आणि शेजारची ६० वर ठेवूनही रिम सरळ फिरते. तेव्हा तार वाजवत चला, एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात लागायला हव्यात, तंबोऱ्याची जोडी जुळवतो तशा. ताण मोजायचा गेज मिळाला तर उत्तमच, पण कळव्याचे काका गेजशिवाय नुसत्या बोटाच्या टिचकीवर सगळ्या तारा जुळवतात, मी तिथे बसून बघितलंय. पाना सोडताना तार पिळलेली राहते, म्हणून पाव फेरा हवा असेल तर थोडा जास्त फिरवून तेवढाच मागे घ्या.

शेवटचं, आणि हे कुठल्याही दुकानात माझ्यासमोर कोणी केलं नव्हतं. समांतर जाणाऱ्या दोन तारा प्रत्येक बाजूला हातात धरून जोरात आवळायच्या, हातमोजे घालून, पूर्ण चाकभर. कटकट आवाज येतील, पीळ सुटेल, हबपाशी तारेचा वाक फ्लँजला नीट बसेल, आणि तार वाकवताना तिच्यात अडकलेला जो ताण असतो तो त्या एका जास्तीच्या ओढीने निघून जातो. मग आउट परत थोडी येते, परत काढायची, परत आवळायचं. आवळून आउट येईनाशी झाली की चाक झालं. काकांनी माझं चाक आवळताना मला वाटलं तुटतंय आता. "तुटायची असेल तर इथे तुटू दे, गायमुखला नको," एवढंच म्हणाले आणि पुढची जोडी धरली.

पहिल्या ५०-६० किलोमीटरनंतर एकदा सगळ्या तारा वाजवून बघा, एखादी खाली आलेली असते, पाव फेरा पुरतो. नंतर मी फक्त पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या सुमाराला बघतो, निपलच्या तोंडाशी तेलाचा एकेक थेंब सोडतो आणि रिम टेपखाली पाणी साचलंय का ते बघतो. सप्टेंबरमध्ये भरलेलं चाक अजून त्याच ३२ तारांवर आहे, येऊर दर रविवारी.